वर न गेलेला हात

ताई,

माझं वय ४३. मी मनापासून श्रद्धाळू आहे, रोजची प्रार्थना कधी चुकवत नाही. दोन वर्षं झाली, मी आणि माझा १७ वर्षांचा मुलगा दर आठवड्याला एका धार्मिक अभ्यासवर्गाला जातो. मागच्या आठवड्यात वर्ग संपता संपता अचानक प्रश्न आला, "आपल्या श्रद्धेसाठी प्राण द्यायची वेळ आली तर कोण कोण तयार आहे? हात वर करा." सगळ्यांचे हात वर गेले. माझ्या मुलाचा तर सगळ्यात आधी. त्याच्या मधल्या बोटाला पेनाची शाई लागली होती, मी तेवढीच बघत राहिले. माझा हात मांडीवरून उठलाच नाही. वर्ग घेणाऱ्यांच्या एका हातात माईक होता, दुसऱ्यात कागद. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता हसले. घरी येताना मुलानं विचारलं, "आई, तू हात का नाही वर केलास?" मी म्हटलं, खांदा दुखत होता. तेव्हापासून तो माझ्याशी तुटक वागतोय.

मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. माझी श्रद्धा खोटी आहे का? आणि धर्मासाठी, तत्त्वासाठी मरणं खरंच योग्य असतं का? 'हो' म्हणावं तर पोटात गोळा येतो. 'नाही' म्हणावं तर ज्यांनी प्राण दिले त्यांचा अपमान केल्यासारखं वाटतं.

— हात वर न केलेली

*

खांदा दुखत होता, हे कारण तुम्ही मुलाला दिलंत, आधी त्यावर बोलू. सगळ्या पत्रात मला खटकलं ते तेवढंच. हात खाली राहिला यात काही बिघडलं नाही. तो का खाली राहिला हे पोराला सरळ सांगायला मात्र तुम्ही कचरलात, आणि बहुतेक त्याला ते कळलंय. आईचा दुखरा खांदा आणि आईनं मारलेली थाप यातला फरक सतराव्या वर्षी बरोबर कळतो. त्याचं तुटक वागणं त्या हातावरून नसेलही. त्याच्याकडे शेवटी पुन्हा येते.

तुमची श्रद्धा खोटी नाही. पण माझ्या एका वाक्यानं तुमचं समाधान व्हायचं नाही, म्हणून दोन हकिकती सांगते.

स्मर्ना म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझमीर. इसवी सन १५५ च्या सुमाराला तिथे ख्रिस्ती लोकांची धरपकड चालली होती. सम्राटाच्या नावानं शपथ घ्या, देवतांना आहुती द्या आणि घरी जा. नाहीतर आखाड्यात जनावरांपुढे, असा रोखठोक मामला. क्विंटस नावाचा एक जण स्वतःहून हजर झाला. एकटा नाही, आणखी काही जणांना भरीला घालून बरोबर घेऊन आला. सगळ्यात आधी वर गेलेला हात म्हणा ना. प्रत्यक्ष जनावरं समोर दिसली आणि त्याचं अवसान गळालं. अधिकाऱ्यानं समजूत घातली, त्यानं शपथ घेतली, आहुतीही दिली.

त्याच शहरात पॉलिकार्प नावाचा म्हातारा बिशप होता. तो लपला होता, होय, चक्क लपला होता. लोकांनी फार गळ घातली म्हणून शहराबाहेरच्या एका मळ्यावर जाऊन राहिला. शोधणारे जवळ आले, तसा दुसऱ्या मळ्यावर गेला. शेवटी शिपाई दारात येऊन उभे राहिले तेव्हा त्यानं आधी त्यांच्या खाण्यापिण्याची सोय करायला सांगितली आणि प्रार्थनेसाठी तासभर मागून घेतला. मग त्यांच्याबरोबर गेला. आखाड्यात त्यानं शपथ घ्यायला नकार दिला आणि त्याला जाळायचा हुकूम झाला. ही हकिकत त्याच्याच मंडळींनी लिहून ठेवली आहे. तिच्यात त्यांनी स्पष्ट म्हटलंय की आपण होऊन हजर होणाऱ्यांचं आम्ही कौतुक करत नाही.

म्हणजे लपणारे सगळे आतून शूर असतात का? तसं काही नसतं. हात वर गेला की नाही यावरून पुढचं काहीच सांगता येत नाही, एवढंच मला म्हणायचंय.

दुसरी हकिकत थॉमस क्रॅन्मरची. हा इंग्लंडमधल्या कँटरबरीचा आर्चबिशप, प्रॉटेस्टंट. १५५३ मध्ये राणी मेरी गादीवर आली, राज्य पुन्हा कॅथलिक झालं आणि हा तुरुंगात गेला. त्याच्या दोन जवळच्या सहकाऱ्यांना जाळण्यात आलं. तो खचला. आपली मतं चुकीची होती अशा कबुलीच्या कागदांवर त्यानं सह्या केल्या, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. तरी त्याला जाळायचं ठरलंच. २१ मार्च १५५६ ला ऑक्सफर्डमध्ये, मरणाआधी सगळ्यांसमोर त्यानं आपली चूक कबूल करावी अशी अपेक्षा होती. तो उभा राहिला आणि केलेल्या सगळ्या सह्या त्यानं मागे घेतल्या. आग पेटल्यावर सही करणारा उजवा हात आधी ज्वाळेत धरला.

भित्रा की शूर? महिनाभर आधी विचारलं असतं तर सगळ्यांनी 'भित्रा' म्हटलं असतं, बहुधा त्यानंही. आपण त्या क्षणी काय करू हे त्या क्षणाआधी आपलं आपल्यालाही ठाऊक नसतं. तुमच्या वर्गातल्या इतरांना ते ठाऊक असल्यासारखं वाटलं, कारण पंख्याखाली बसून हात वर करायला काही पडत नाही.

आता दुसरा प्रश्न. 'प्राण दिले' असं आपण फार सहज म्हणतो. मराठीत ते तोंडात बसलंय. पण बहुतेक वेळा तिथलं क्रियापदच चुकलेलं असतं. डॉ. नरेंद्र दाभोलकर २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला बाहेर पडले होते. प्राण द्यायला नव्हे. त्यांचे प्राण घेतले गेले. 'विचारांसाठी प्राण दिले' म्हटलं की ऐकायला भारदस्त वाटतं आणि गोळी झाडणारा वाक्यातून अलगद नाहीसा होतो. भाषेत ही सोय आहे म्हणून आपण ती वापरतो, आणि मग पोरांना वाटायला लागतं की मोठी माणसं मरण निवडतात.

शब्दांवरून आणखी एक. शहीद हा शब्द अरबीत 'साक्षीदार' या अर्थाच्या शब्दाशी जोडलेला आहे, आणि इंग्रजीतल्या मार्टर या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचाही अर्थ साक्षीदारच. आपला हुतात्मा मात्र यज्ञातला, आहुतीचा. मला साक्षीदार जास्त जवळचा वाटतो. साक्षीदार खटला उभा करायला जात नाही. त्याला बोलावणं येतं, आणि पिंजऱ्यात उभं राहून त्याला एवढंच करायचं असतं की खोटं बोलायचं नाही. आहुतीचं वेगळं असतं. ती कोणीतरी दुसरा टाकतो, मंत्रही तोच म्हणतो.

ज्यांची नावं आपण आदरानं घेतो त्यांच्यातल्या बहुतेकांनी मरायचं ठरवलं नव्हतं. त्यांनी एखादी ठरावीक गोष्ट करायला नकार दिला होता. त्या नकाराची किंमत मरण असेल हे दुसऱ्या कोणीतरी ठरवलं.

डर्क विलेम्सची गोष्ट मला यासाठी फार आवडते. १५६९, नेदरलँड्समधलं आस्परेन. मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्या पंथातला हा माणूस. तेवढ्या गुन्ह्यासाठी तेव्हा जाळत असत. तो कैदेतून पळाला. हिवाळा होता, पाणी गोठलेलं, वर बर्फाचा पातळ थर. डर्क त्यावरून कसाबसा पलीकडे पोचला. मागून धरायला आलेल्याच्या पायाखाली मात्र बर्फ फुटला आणि तो पाण्यात गेला. डर्क सुटला होता. पुढे मोकळी जमीन होती. तो मागे वळला, बर्फावर येऊन हात पुढे केला आणि त्या माणसाला ओढून वर काढलं. मग त्याला पुन्हा पकडलं गेलं आणि १६ मे रोजी जाळलं.

नीट बघा, हा माणूस पळत होता. त्याला जगायचं होतं. त्या बर्फावर कोणी त्याला विचारलं नाही की तू श्रद्धेसाठी मरायला तयार आहेस का. समोर एक माणूस बुडत होता आणि त्याला बुडू देणं डर्कला जमलं नाही. शत्रूवर प्रेम करा हे वाक्य त्यानं कितीदा ऐकलं असेल. त्या दिवशी त्याचा हात पुढे गेला, वर नाही.

म्हणून 'श्रद्धेसाठी मराल का' या प्रश्नाला माझ्या लेखी काही अर्थ नाही. 'कुठली गोष्ट तुम्ही काही झालं तरी करणार नाही' या प्रश्नाला आहे. निरपराध माणसाला मारणार नाही. शेजाऱ्याचं नाव यादीत लिहून देणार नाही. जे खरं आहे ते खोटं म्हणणार नाही. असं काहीतरी तुमच्याजवळ असेलच, श्रद्धाळू माणसाजवळ असतंच. त्यासाठी कधी जीव द्यावा लागलाच तर ते योग्य असू शकतं, असं मला वाटतं. म्हणजे तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर 'हो' आहे, पण नाइलाजाचं 'हो'. बाकी सगळ्या वाटा बंद झाल्यावरचं.

आणि त्या 'हो'चं बिल कोणाच्या नावावर फाटतं तेही बघितलं पाहिजे. फ्रान्झ येगरश्टेटर हा ऑस्ट्रियातल्या एका खेड्यातला शेतकरी, घरी बायको फ्रान्झिस्का आणि तीन लहान मुली. हिटलरचं युद्ध अन्यायाचं आहे, मी त्यात लढणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं. गावच्या धर्मगुरूंनी समजावलं, बिशपनं सांगितलं की कुटुंबाचा विचार कर. त्यानं शस्त्र न धरता आजाऱ्या-जखमींची सेवा करायची तयारी दाखवली, तीही कोणी मान्य केली नाही. ९ ऑगस्ट १९४३ ला त्याचा शिरच्छेद झाला. वय ३६.

फ्रान्झिस्का त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षं जगली. आधी तिनंही त्याचं मन वळवून पाहिलं होतं, नंतर त्याच्या पाठीशी उभी राहिली. शेती तिनं बघितली, मुली तिनं वाढवल्या, आणि गावातल्या ज्यांचे नवरे, मुलगे लढाईत गेले होते त्यांच्या नजराही तिनंच सोसल्या. २००७ मध्ये चर्चनं त्याला 'धन्य' म्हणून, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं तेव्हा ती ९४ वर्षांची होती आणि समारंभाला हजर होती. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तो बरोबर होता, त्या काळात ज्या मोजक्या लोकांना हा अन्याय दिसत होता त्यांच्यातला एक होता. पण त्या तीन मुलींच्या वतीनं 'योग्यच झालं' असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुमच्या पोटात जो गोळा येतो ना, तो बहुतेक हाच. तो भित्रेपणाचा नाही. तुमचा मुलगा तुमच्या शेजारी बसला होता.

आणखी एक गोष्ट वर्गात कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. माणूस एखाद्या मतासाठी मेला म्हणून ते मत खरं ठरत नाही. क्रॅन्मर पोपची सत्ता नाकारणारा. त्याच्या एकवीस वर्षं आधी, १५३५ मध्ये, त्याच इंग्लंडात थॉमस मोरचं मुंडकं उडवलं गेलं, कारण राजा चर्चचा प्रमुख आहे हे तो मान्य करेना. त्याच्या दृष्टीनं तो मान पोपचाच. दोघंही हुशार, दोघंही प्रामाणिक, दोघंही मेले, आणि पोपबद्दल दोघंही बरोबर असणं शक्य नाही. त्यात हाच मोर राज्याचा चॅन्सलर, म्हणजे राजाचा सगळ्यात वरचा अधिकारी, असताना पाखंडी ठरलेल्या माणसांना जाळण्यात आलं होतं, आणि ते त्याला योग्य वाटत होतं. मरायला तयार असलेला माणूस कधीकधी मारायलाही तयार असतो. दोन्ही तयारींच्या मुळाशी एकच गोष्ट असू शकते: माझं चुकत असेल हा विचारच शिवलेला नसणं.

इथे थोडं स्वतःबद्दल. विसाव्या वर्षी मी वसतिगृहातल्या मैत्रिणींबरोबर उपोषणाला बसले होते. तिसऱ्या दिवशी मी घरी पत्रसुद्धा लिहून ठेवलं, चांगलं दोन पानी, निरोपाचं. पत्र पाठवायची वेळ आली नाही, कारण चौथ्या दिवशी मिटलं. आज त्या मागण्या आठवायला बसले तर पाचातल्या तीन आठवतात, आणि त्यातली एक मला आता पटत नाही. मेले असते तर ती पटलेलीच राहिली असती.

धर्मांना हे कळत नव्हतं असं नाही. उलट या बाबतीत जुनी माणसं आपल्यापेक्षा जपून होती. ज्यू धर्मशास्त्रात जीव वाचवण्यासाठी जवळपास सगळे नियम मोडायची मुभा आहे. मूर्तिपूजा, खून आणि निषिद्ध शरीरसंबंध, या तीन गोष्टींसाठीच मरण पत्करावं असं तिथे सांगितलंय. कुराणात सोळाव्या अध्यायात ज्याच्यावर जबरदस्ती झाली पण ज्याचं मन श्रद्धेत स्थिर आहे, त्याला दोषातून वगळलंय. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमध्ये एल्विराला ख्रिस्ती धर्मसभा भरली होती. तिनं तर ठरवूनच टाकलं, की दुसऱ्यांच्या मूर्ती फोडायला जाऊन जो मारला जाईल त्याला हुतात्म्यांत धरायचं नाही. ज्या लोकांनी खरंच आपली माणसं गमावली होती त्यांनी हे नियम केले. त्यांना माहीत होतं की मरणाची हौस लागते, आणि ती तरण्या पोरांना आधी लागते.

म्हणूनच मला तुमच्या हातापेक्षा त्या प्रश्नाची जास्त काळजी वाटते. भरल्या वर्गात, मुलांसमोर, हात वर करायला लावून हा प्रश्न का विचारावा? त्यातून शिकायला काय मिळतं? कदाचित हेतू वाईट नसेल. वर्ग जरा रंगावा म्हणून लोक काहीही बोलतात. पण काही गोष्टींवर लक्ष ठेवा. 'आपल्यावर संकट आलंय' हे वाक्य दर आठवड्याला येतं का? संकटाला ठरावीक लोकांचा चेहरा दिला जातो का? मोठ्यांना वगळून मुलांच्या वेगळ्या बैठका होतात का, 'घरी सांगू नका' असं सांगितलं जातं का? यातलं काही असेल तर तिथून मुलाला बाहेर काढायचं, भिडस्तपणा करायचा नाही. आणि मुलगा श्रद्धेचा विषय सोडूनही मरणाबद्दल बोलत असेल, आवडीच्या वस्तू वाटून टाकत असेल, मित्रांपासून तुटत असेल, तर तो या सदराचा विषय नाही. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

पण तुमच्या पत्रावरून मला तसं वाटत नाही. मला दिसतो तो शाई लागलेल्या बोटाचा एक मुलगा, ज्याला कशासाठी तरी पूर्णपणे असावंसं वाटतंय. ही चांगली गोष्ट आहे, तिची चेष्टा करू नका. 'आधी अभ्यास कर, मग मर' असलं काही तर अजिबात बोलू नका, मोह झाला तरी.

आधी खांद्याचं सांगून टाका. सांगा की खांदा दुखत नव्हता. मी हात वर केला नाही कारण मी तुझ्या हाताकडे बघत होते आणि तो वर गेलेला मला बघवेना. एवढंच बोला आणि थांबा. तो काहीतरी लागट बोलेल, बोलू द्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, दोघं काहीतरी काम करत असताना, सहज विचारा: तू कशासाठी मरशील हे मला कळलं, पण अशी कुठली गोष्ट आहे जी तुला कोणीही सांगितली, अगदी वर्गातून सांगितली, तरी तू करणार नाहीस? तो गप्प बसला तर त्याच्या वतीनं उत्तर देऊ नका. माहीत नाही म्हणाला तर म्हणा, मलाही सगळं माहीत नाही, माझं एक-दोन ठरलेलं आहे ते सांगते. आणि खरंच सांगा. त्यासाठी आधी एकदा कागद घेऊन बसा, कारण मला वाटतं तुम्हीही ते कधी लिहून काढलं नसेल.

वर्ग सोडायची घाई नको. लक्ष ठेवायचं तर तिथे असायला हवं. पुढच्या आठवड्यात जा, मुलाच्या शेजारीच बसा. आणि तोच प्रश्न पुन्हा आला, तर उभ्या राहा आणि वर्ग घेणाऱ्यांना अगदी नम्रपणे विचारा, की तुमचा माईक आणि कागद मी जरा वेळ धरू का.